स्वमग्नता : निदानाची बदलती रीत

स्वमग्नता, बोलताना सर्रास ऑटिझम, हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात वेगळेपणा. तो रक्तात किंवा स्कॅनमध्ये सापडत नाही. मुलाकडे पाहत बसावे लागते. म्हणूनच पाहणाऱ्याची नजर बदलली तसे निदानही बदलत गेले.

ऑटिझम हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये वापरला तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये तपासलेल्या अकरा मुलांवरून वेगळी अवस्था मांडली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी तशाच मुलांचे वर्णन केले. मग बराच काळ खापर आईची माया कमी पडली म्हणून तिच्यावर फुटले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये हा समज खोडून काढला, आणि १९७७ च्या जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेकडे बोट दाखवले. नागपुरात आईला बोल लावायला कुठल्या सिद्धांताची गरज पडत नाही. ‘नोकरीला जाते’, ‘मोबाईल हातात देते’ एवढे पुरते.

१९९४ मध्ये मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीत आस्पर्गरचे वेगळे नाव आले. २०१३ मध्ये ही सगळी निदाने ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच वर्णपटात गेली. भारतात बदल कागदावर दिसला. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, स्वमग्नता नव्हती. त्यामुळे मूल प्रमाणपत्रावर ‘मतिमंद’ ठरे किंवा त्याला प्रमाणपत्रच मिळत नसे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचे नाव आले आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र जागा मिळाली.

प्रमाणपत्रासाठी भारतीय मापनश्रेणी वापरतात : चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, बेरीज सत्तरच्या खाली असल्यास स्वमग्नता नाही. आकड्यांपेक्षा खोलीतले दृश्य जास्त सांगते. मूल खेळण्यातली गाडी उलटी करून चाक फिरवत बसते. हाक मारली तरी मान वळत नाही. संत्रा बर्फी हवी असली, तर बोट न दाखवता आईचा हात धरून डब्यावर नेऊन ठेवते, आईच्या तोंडाकडे न पाहता.

मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीपर्यंत पोचायला उशीर होतो, त्याला बरेचदा आजीचे एक वाक्य कारण असते : ‘याचा बाप बी उशिराच बोलला होता.’ पूर्वी ते ऐकून माणसे घरी थांबत. आता डॉक्टर ते कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात लिहून घेतात, आणि कधी कधी बापाकडे पाहून आणखी दोन प्रश्न विचारतात.