‘बेल-इन’ची धास्ती आणि ठेवीदाराचे संरक्षण : पार्श्वभूमी

बँक बुडाली तर ठेवीदाराला ठरावीक रकमेपर्यंत भरपाई देणाऱ्या आजच्या ठेव विम्याचे मूळ १९६० सालात आहे. त्या वर्षी अकोल्याची एक आणि केरळातली एक अशा दोन बँका कोसळल्या. १ जानेवारी १९६२ पासून विमा लागू झाला. संरक्षण होते १,५०० रुपयांचे. बुडत्या बँकेचे व्यवहार गोठवून तिला धडधाकट बँकेत सक्तीने विलीन करण्याची तरतूदही त्याच सुमारास आली. पुढे कित्येक दशके आपली तयारी या दोन हत्यारांवरच उभी होती.

१९९३ मध्ये विम्याची मर्यादा एक लाख झाली आणि जवळपास २७ वर्षे तिथेच अडकून राहिली. पगार वाढले, घरांचे भाव कुठल्या कुठे गेले, निवृत्तीची अख्खी पुंजी बँकेत जमा होऊ लागली. लाख मात्र लाखच राहिला. पुढचा सगळा गोंधळ माझ्या मते या दिरंगाईतून झाला.

ऑगस्ट २०१७ मध्ये अडचणीतल्या वित्तीय संस्थांची वेळीच सोडवणूक करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले. त्यातल्या एका कलमात ‘बेल-इन’ हा शब्द होता. ‘बेल-आउट’मध्ये सरकार करदात्याच्या पैशातून बँक वाचवते, ‘बेल-इन’मध्ये बँकेचीच देणी कमी केली जातात किंवा त्यांचे शेअर होतात. ठेव हेही बँकेच्या दृष्टीने देणेच. मोबाइलवर निरोप फिरले, ‘तुमच्या एफडी बुडवणार.’ खरे तर विम्याखालची ठेव या कलमातून वगळलेली होती, आणि बँक अवसायनात गेल्यास, म्हणजे बंद करून तिची मालमत्ता विकून देणी भागवायची झाल्यास, विम्याच्या मर्यादेपलीकडच्या ठेवीला इतर विनातारण देण्यांच्या आधी जागा दिलेली होती. पण विम्याची रक्कम किती, हे मसुद्यात लिहिलेच नव्हते! मग लोकांनी कशावर विसंबायचे? त्यांची भीती अडाणीपणाची नव्हती. मर्यादा आधी वाढवली असती, तर हा शब्द इतका झोंबला नसता. ऑगस्ट २०१८ मध्ये विधेयक मागे घेतले गेले. कलमाबरोबर संकटाआधीच हस्तक्षेप करण्याची चौकटही गेली, हे नुकसान मोठे.

साधारण वर्षभराने, सप्टेंबर २०१९ मध्ये, मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. औषधपाण्याला, मुलांच्या फीला पैसे कुठून आणायचे म्हणून माणसे शाखांच्या दारात उभी होती. फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा पाच लाख झाली. त्याच वर्षी सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद केली. पाच लाखांची ही मर्यादा मुद्दल आणि व्याज धरून, एका ठेवीदाराला एका बँकेतल्या सगळ्या शाखांना मिळून असते.

मुंबईच्या त्या बँकेचे २०२२ मध्ये विलीनीकरण झाले. पाच लाखांवरच्या किरकोळ ठेवी दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत द्यायच्या ठरल्या. संस्थांच्या विमा नसलेल्या ठेवींपैकी ८० टक्के रक्कम प्राधान्य शेअरमध्ये बदलली गेली. त्यात अनेक पतसंस्थांचे पैसे होते. ठेवीचा शेअर होणे यालाच विधेयकात ‘बेल-इन’ म्हटले होते.