वारा सुटला की फीडर बंद: खान्देशातील वीजबंदीची पार्श्वभूमी

खान्देशात वीज जाण्याचा इतिहास 2005 च्या सुमारास तीव्र झालेल्या भारनियमनापासून सांगण्याची रीत आहे. राज्याच्या वीज मंडळाचे विभाजनही त्याच वर्षीचे. गावांनी तेव्हा तयारी केली ती टंचाईसाठी: वेळापत्रक पाठ करणे, इन्व्हर्टर घेणे, रात्रीच्या पाळीसाठी मोटारीला ऑटोस्विच बसवणे. वाऱ्यासाठीची तयारी त्यात मागे पडली.

वारा सुटला की वीजतारांमुळे शेतात आग लागण्याची भीती असते, आणि या आगीचे मूळ तारांच्या झोळात आहे. उन्हाने तापलेली तार लांबते आणि दोन खांबांमध्ये खाली येते. फाल्गुनात गहू कापणीला आलेला असताना वाऱ्याने अशा दोन तारा एकमेकींना भिडल्या की धातूचे तप्त कण उभ्या पिकावर पडतात. तुटून पडलेली तार याहून घातक, कारण कोरड्या जमिनीतून प्रवाह इतका थोडा वाहतो की डीपीतला, म्हणजे रोहित्राच्या पेटीतला, फ्यूज, त्यातही त्याच्या जागी जाड तार अडकवलेली असेल तर, उडतच नाही. म्हणून वारा सुटताच उपकेंद्रातून फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी वीजवाहिनी, बंद केला जातो, आणि ते योग्यच आहे.

वाद आहे तो या बंदीला काय म्हणायचे याचा. ‘लाईट गेली’ एवढ्यात आपण भारनियमन, बिघाड आणि खबरदारीची बंदी हे तीन निराळे प्रकार गुंडाळतो. भारनियमनाला वेळापत्रक असते. बिघाडाला 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 57 नुसार सेवेची मानके व भरपाई आहे. मात्र ती मानके ठरवताना राज्याच्या नियामकाने वादळ, पूर अशा घटनांना सूट दिली. मग वादळ येण्याआधी माणसाने समजून-उमजून बंद केलेला फीडर कशात धरायचा? वादळात धरला, तर नंतर रेंगाळलेली दुरुस्तीही त्याच सवलतीच्या आड जाते. बिघाडात धरला, तर बंद करणाराच कचरतो, आणि हा धोका मला अधिक मोठा वाटतो. कॅलिफोर्नियात 2018 मध्ये जुन्या वीजवाहिनीमुळे लागलेल्या वणव्यात 85 माणसे दगावली. त्यानंतर, 2019 मध्ये, तेथील नियामकाने अशा बंदीच्या पूर्वसूचनेचे नियम काटेकोर केले. तेथे या बंदीला स्वतंत्र नाव आहे आणि वीज परत सोडण्यापूर्वी वाहिनीची पाहणी होते. आपल्याकडे रूढ नावच नसल्याने सूचना कशाची द्यायची, हेही ठरत नाही.

रावेर-यावल पट्ट्यात याची झळ केळीला बसते. मे-जूनच्या वादळात खांब आडवे झाले की उभ्या राहिलेल्या बागेचे ठिबक बंद पडते. वीज परतते तेव्हा ऑटोस्विचमुळे सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन रोहित्रावर पुन्हा ताण येतो. 2017 पासून शेतीचे फीडर सौर विजेवर नेण्याचा कार्यक्रम सुरू आहे, परंतु ते प्रकल्प वाहिनीलाच जोडलेले असल्याने वाहिनी बंद झाली की तेही थांबतात. स्वतंत्र सौरपंप तेवढा चालतो, तोही उजेड असेपर्यंत. वळवाचा वारा बहुधा दुपार कलल्यावर उठतो, त्यामुळे शेततळे आणि गावची टाकी सकाळीच भरून ठेवावी लागते.