बाभळीचा वामनवृक्ष (मुंबई)

बाभूळ, खैर, हिवर, देवबाभूळ अशी काटेरी झाडे उथळ कुंडीत छाटून, वळवून, लहान ठेवून वाढवण्याची पद्धत. मुंबईतल्या गच्च्यांवर आणि खिडक्यांच्या ग्रीलमध्ये वड, पिंपळ, उंबर यांचे बोन्साय जितके दिसतात, तितकी बाभूळ दिसत नाही. वडाला दमट हवा मानवते, त्याच्या पारंब्याही अशा हवेत चांगल्या फुटतात. बाभूळ मात्र देशावरच्या कोरड्या माळाची. शिवाय काटेरी झाड घरात नको, असे मानणारी घरेही बरीच आहेत. तरीही महाराष्ट्राच्या मातीतला वामनवृक्ष म्हणून तिच्याइतके योग्य झाड क्वचितच सापडेल.

पूर्वी ही सगळी झाडे ‘ॲकेशिया’ या एकाच मोठ्या प्रजातीत मोडत. व्हिएन्ना (२००५) आणि मेलबर्न (२०११) येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदांनंतर ते नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे राहिले. आपली बाभूळ आता वॅचेलिया निलोटिका आणि खैर सेनेगालिया कॅटेचू. मुंबईत रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ॲकेशियाच राहिली, पण बोन्सायला ती फारशी उपयोगाची नाही. तिची लांब, वाकडी ‘पाने’ म्हणजे रुंदावलेले देठ असतात आणि लहान झाडावर ती बेढब दिसतात. वेडी बाभूळ ही तर बाभूळच नव्हे.

खऱ्या बाभळीचे बलस्थान म्हणजे तिचे पान. पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे छोटे भाग, जेमतेम काही मिलिमीटरच्या, त्यामुळे फूटभर उंचीचे झाडही मोठ्या वृक्षासारखे भासते. खोडाची साल काळपट, उभ्या भेगांची, आणि ती तुलनेने लवकर जून दिसू लागते. पिवळी, सुवासिक, गोंड्यासारखी फुले मात्र झाड लहान ठेवले म्हणून लहान होत नाहीत. शेंगा तर त्याहून मोठ्या, वितीच्या आसपास जातात. त्या धरल्या तर खुडाव्यात, नाहीतर झाडाची ताकद त्यांच्यातच जाते.

रोप बियांपासून करणे सोपे. बीचे कवच कठीण असते, म्हणून उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाकून रात्रभर तसेच ठेवतात. फुगलेली बी पेरावी, न फुगलेलीला पुन्हा गरम पाणी द्यावे. रोप सोटमूळ सरळ खाली सोडते. ते एकदम न तोडता पहिल्या दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने आखूड करावे, म्हणजे आडवी मुळे जोर धरतात. डोंगरातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून झाड उपटून आणणे गैर आहे आणि बेकायदाही. खैर तर राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानेही संरक्षित आहे.

मुंबईत या झाडाची खरी परीक्षा पावसाळ्यात. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरकडे वर्षभरात त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. ओढ्याकाठची बाभूळ काही दिवस पाण्यात उभी राहते, पण उथळ कुंडीत पाणी तुंबले की मुळे कुजतात. म्हणून मिश्रण भरभरीत हवे: निम्म्याहून जास्त चाळलेले वीटतुकडे आणि जाड रेती, बाकी पोयटा व मुरलेले शेणखत. वीटतुकड्यांतली भुकटी चाळून टाकणे विसरू नये. तीच खाली बसून भोके बुजवते. मुसळधार पावसात कुंडी एका बाजूने विटेवर टेकवून तिरपी ठेवली की पाणी निघून जाते. झड लागली तर पत्र्याखाली हलवावी, पण सावलीत मुक्काम नको. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळाले नाही तर फांद्या लांबट आणि पोकळ होतात.

कुंडी बदलण्याची वेळही याच कारणाने वेगळी. वड-पिंपळ अनेकजण पहिल्या पावसात हलवतात. बाभूळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हलवलेली बरी, म्हणजे छाटलेली मुळे जूनच्या आत भरून येतात. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मूळ कापू नये आणि सगळी माती धुऊन काढू नये. मुळांवरच्या बारीक गाठींत हवेतला नत्र बांधणारे जिवाणू असतात, म्हणून जुन्या मातीतली ओंजळभर नव्या कुंडीत घालावी. याच कारणाने युरियासारखी नत्राची खते टाळावीत. वर्षातून दोनदा थोडी निंबोळी पेंड पुरे.

संध्याकाळी पाने मिटतात, ते नैसर्गिक आहे. सकाळी ऊन चढल्यावरही ती मिटलेलीच असतील तर आधी माती बोटाने तपासावी. कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे. ओली असूनही पाने पिवळी पडून गळत असतील तर मुळे पाहावीत.

छाटणीत बाभूळ लहरी आहे. एकही पान न ठेवता फांदी कापली तर ती मागपर्यंत वाळत जाते, म्हणून जिथे फूट हवी तिथून पुढे एक-दोन पाने राखून कापावे. तार कोवळ्या, हिरवट फांदीलाच गुंडाळावी. जून फांदी वाकत नाही, मोडते. पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते आणि तार सालीत रुतते, तेव्हा दर आठवड्याला पाहणी हवी. वाळलेली फांदी मुद्दाम ठेवायची असेल तर वरचे पांढरे लाकूड खरवडून काढावे, कारण त्यात भुंगेरे शिरतात. आतला तांबूस गाभा टिकाऊ असतो; नांगर आणि बैलगाडीला बाभूळ वापरली जाई ती त्याच्याचमुळे.

आकाराबाबत जपानी पाइनच्या थराथरांचा नमुना बाभळीवर लादू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या बोन्सायकारांनी तिथल्या काटेरी झाडांवरून सपाट माथ्याची, छत्रीसारखी शैली रूढ केली. चित्रकार पीर्नीफ (१८८६–१९५७) यांच्या निसर्गचित्रांतल्या झाडांवरून तिथल्या एका शैलीला त्यांचेच नाव मिळाले आहे. तो नमुना हिवराला चांगला शोभतो. बाभळीसाठी पुण्याच्या पुढे गाडीतून बांधावर दिसणारी, वाऱ्याने एका अंगाला कललेली झाडे पाहून रेखाटन करावे.