हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन : होस्ट संगणकाची तपासणी

आपल्या संगणकावर (होस्टवर) दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकात, वेगाने चालवायची, तर प्रोसेसरमध्येच तशी सोय असावी लागते. इंटेलने ती व्हीटी-एक्स या नावाने २००५ मध्ये आणली, एएमडीने एएमडी-व्ही या नावाने २००६ मध्ये. ही सोय प्रोसेसरमध्ये असते, बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) चालू करावी लागते आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती पोचावी लागते. तपासणी या तिन्ही ठिकाणी होते.

लिनक्सवर 'एलएससीपीयू' आज्ञा प्रोसेसरची सोय सांगते; इंटेलचा फ्लॅग (सोय असल्याची खूण) व्हीएमएक्स, एएमडीचा एसव्हीएम. फ्लॅग दिसला म्हणून थांबू नये. जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) बायोसने सोय बंद ठेवली असली तरी व्हीएमएक्स दिसतो. भरवशाची खूण म्हणजे 'डेव्ह' डिरेक्टरीतील 'केव्हीएम' (लिनक्सची व्हर्च्युअलायझेशन प्रणाली) ही फाइल. ती नसेल तर कर्नलच्या संदेशांत 'डिसेबल्ड बाय बायोस' शोधावे. फाइल असून परवानगी नाकारली जात असेल, तर वापरकर्त्याला 'केव्हीएम' गटात घालून पुन्हा लॉगिन करावे. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली 'व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड' हवे. 'सिस्टीमइन्फो'च्या शेवटी हायपर-व्ही या विंडोजच्या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीच्या चार अटींऐवजी हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) सापडल्याचा मजकूर आला, तर तो दोष नव्हे. सोय आधीच वापरात आहे.

बायोसमध्ये इंटेलच्या मदरबोर्डावर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', एएमडीच्या मदरबोर्डावर 'एसव्हीएम मोड' चालू करावे. सेव्ह केल्यावर नुसते रीस्टार्ट पुरेलच असे नाही. संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. व्हीटी-डी ही वेगळी सोय आहे. ती ग्राफिक्स कार्डासारखे उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनला द्यायचे असेल तेव्हाच लागते.

काल चालणारी व्हर्च्युअल मशीन आज सुरूच होत नाही, तेव्हा आधी संगणकाचे घड्याळ पाहावे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात विजांच्या भीतीने प्लग काढून ठेवतात. मग बायोसचे घड्याळ मदरबोर्डावरच्या ३ व्होल्टच्या सीआर२०३२ सेलवरच चालते आणि जुना सेल बसतो. खाऱ्या दमट हवेने सेलच्या पत्र्यांवर गंजही चढतो. सेल बसला की तारीख मागे जाते आणि अनेक मदरबोर्डांवर बायोस मूळ स्थितीत येतो. त्या स्थितीत एसव्हीएम पुष्कळदा बंदच असतो. अशा वेळी व्हर्च्युअल मशीन पुन्हा इन्स्टॉल करणे हा वाया गेलेला वेळ आहे. पत्रे साफ करून नवा सेल घालावा, तारीख लावावी, बायोसमधली सोय चालू करावी आणि 'केव्हीएम' फाइल परत आली का ते पाहावे.