एजंटचा काउन्सेलर कसा झाला

मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा निकाल लागला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एखाद्या तरी घरी कॉलेज निवडीचं विकत घेतलेलं गाइड येतंच. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींनी त्यांचं गाइड माझ्यासमोर धरलं. तीन हजार रुपये मोजून घेतलेली दीडशे पानांची पीडीएफ, आणि दुसऱ्याला पाठवू नये म्हणून प्रत्येक पानावर वहिनींचा मोबाइल नंबर पुसट छापलेला. आत कट-ऑफचे तक्तेच तक्ते. ४१व्या पानावर एक रकाना होता, 'विदर्भ ७० टक्के'. मी तो दोनदा वाचला. मेडिकल प्रवेशातलं हे ७०:३०चं प्रादेशिक वाटप, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या भागातल्या मुलांना, राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्येच रद्द केलं. म्हणजे गाइडवाल्याने कुठून तरी जुना तक्ता उचलला आणि वरचं साल तेवढं बदललं.

"हे गाइड विकणारे काउन्सेलर खरे असतात का हो?" वहिनींनी विचारलं. एका शब्दात उत्तर देता येईना. हा माणूस आधी काय विकत होता ते माहीत असल्याशिवाय आज तो काय विकतो ते कळत नाही.

एके काळी मुंबईत विकण्यासारखं काही नव्हतंच. जे.जे.ला लागून असलेलं ग्रँट मेडिकल १८४५चं, नायरचं टोपीवाला १९२१चं, केईएमचं जी.एस. १९२६चं आणि सायनचं लोकमान्य टिळक १९६४चं. आधी इंटर सायन्सचे आणि पुढे बारावीचे गुण घ्यायचे, यादी लागायची, नाव असलं तर पेढे, नसलं तर बी.एस्सी. ज्यांच्याकडे पैसे होते ते कर्नाटकात जात. मणिपालला १९५३ मध्येच खासगी मेडिकल कॉलेज सुरू झालं होतं. कर्नाटकातल्या खासगी कॉलेजांचं 'कॅपिटेशन' मराठी घरांत बोलायला सोपं म्हणून 'डोनेशन' झालं.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना परवानगी दिली. आपला पैसा आणि आपली पोरं शेजारच्या राज्यात का जावीत, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. शिक्षणसम्राट हा शब्द त्यानंतर मराठीत रुळला आणि त्याच्या मागोमाग एजंट आला.

या एजंटची एक युक्ती जुनी माणसं अजून सांगतात. दहा पालकांकडून आगाऊ रक्कम घ्यायची, 'वर बोलणं झालंय' म्हणायचं आणि काहीही न करता घरी बसायचं. दहातल्या तिघा-चौघांना आपल्याच गुणांवर कुठेतरी जागा मिळायची. त्यांचे पैसे ठेवायचे, उरलेल्यांचे पै न पै परत करायचे. ज्यांचे परत आले ते पालक त्याला शिव्या देत नसत, उलट 'काम झालं नाही तर पैसे परत देतो, सरळ माणूस आहे' म्हणून पुढच्या वर्षी मेहुण्याला त्याच्याकडे धाडत. शून्य कष्ट, वर प्रामाणिक म्हणून नाव. इतका निर्दोष धंदा माझ्या तरी पाहण्यात नाही.

लोकांनी विश्वास का ठेवला, हेही पाहायला हवं. १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुलीच्या एम.डी.च्या गुणांत फेरफार झाल्याच्या प्रकरणात हायकोर्टाच्या ताशेऱ्यांनंतर राजीनामा द्यावा लागला. ते प्रकरण परीक्षेचं होतं, प्रवेशाचं नव्हतं. पण 'आतून सगळं होतं' ही समजूत त्यानंतर मुंबईत इतकी घट्ट बसली की आतला माणूस म्हणवणाऱ्याला पुरावा द्यावाच लागेना.

१९८७च्या कायद्याने महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेणं गुन्हा ठरवलं. व्यवहार थांबला नाही, पावती थांबली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाने खासगी कॉलेजातल्या जागा निम्म्या 'फ्री' (सरकारी फीच्या) आणि निम्म्या 'पेमेंट' (जास्त फीच्या) केल्या. २००२च्या टी.एम.ए. पै निकालाने ती योजना मोडली आणि २००५च्या इनामदार निकालाने एनआरआय मुलांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा मान्य केल्या. महाराष्ट्रात सरकारची प्रवेश परीक्षा म्हणजे सीईटी वेगळी आणि खासगी कॉलेजांच्या संघटनेची 'असो-सीईटी' वेगळी, अशी दोन दारं बरीच वर्षं उघडी होती. प्रवेशांची मुदत ३० सप्टेंबरला संपायची. त्या रात्री उरलेल्या जागांचं काय होतं, याच्या कथांवर कित्येक एजंटांचे संसार उभे राहिले.

मग नीट आली. पहिली २०१३ मध्ये, ती त्याच जुलैत सुप्रीम कोर्टाने रद्द केली. एप्रिल २०१६ मध्ये कोर्टाने तो निकाल मागे घेतला आणि परीक्षा पुन्हा लागू केली. ते वर्ष ज्या घरात बारावीचं पोर होतं त्यांना विचारा. १ मेला नीटचा पहिला टप्पा, ५ मेला राज्याची सीईटी, मग केंद्राचा अध्यादेश, म्हणून सरकारी जागा सीईटीवर आणि खासगी जागा नीटवर, आणि २४ जुलैला नीटचा दुसरा टप्पा. आज कोणता नियम चालू आहे हे सांगणारा माणूस त्या उन्हाळ्यात सोन्याच्या भावाने विकला गेला.

माझ्या मते एजंट खऱ्या अर्थाने बदलला तो इथे. राज्याच्या २०१५च्या कायद्याने प्रवेश आणि शुल्क दोन्हींवर प्राधिकरणं बसवली, फोर्टातला सरकारचा सीईटी सेल राज्यातल्या प्रवेशाच्या फेऱ्या चालवू लागला, अभिमत विद्यापीठांच्या जागाही २०१७पासून दिल्लीच्या एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडे, गेल्या. विकायला जागा उरली नाही. मग त्याच टेबलामागच्या माणसाने पाटी बदलली. 'अॅडमिशन करून देतो' पुसलं गेलं आणि 'करिअर काउन्सेलिंग' आलं. आता तो माहिती विकतो, आणि तीही बहुतेक सीईटी सेलच्या साइटवर फुकट पडलेली.

फुकट असली तरी ती सोपी नाही, हे त्याच्या बाजूने बोललंच पाहिजे. जातवैधता, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाईल यांतला एक कागद राहिला तर हातातली जागा जाते. एमबीबीएसनंतरची एक वर्षाची बंधनकारक सेवा, मिळालेली जागा घेतली की पुढच्या फेरीत बसता येतं की नाही, हे नियम माहितीपुस्तिकेत असतात आणि ते बदलतही राहतात. कुणी शेजारी बसून कागद तपासून देत असेल, तर त्याची फी मी मेहनताना मानेन.

पण 'प्रेफरन्स भरायची आमची खास पद्धत आहे' असं कुणी म्हणालं की मी खुर्ची मागे सरकवतो. संगणक काय करतो? गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलाला घेतो, त्याच्या पसंतीच्या यादीत वरून खाली येतो, त्याला लागू असलेली जी पहिली मोकळी जागा सापडेल तिथे बसवतो, मग दुसऱ्याला घेतो. त्या फेरीपुरती यातली एकमेव युक्ती म्हणजे जे कॉलेज खरंच हवं ते वर लिहिणं. मुलाला सायन मिळालं तर ते त्याच्या रँकने मिळालं, पण काउन्सेलरच्या भिंतीवर फोटो लागतो. दहा पालकांचीच गोष्ट, फक्त आता पावती मिळते.

गुणांवर बेतलेले तक्ते तर एका वर्षात शिळे होतात. २०२४च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२०पैकी ७२० होते, २०२५ला देशात पहिला आलेल्याला ६८६. खुल्या गटाची पात्रतेची रेषा २०२३ला १३७, २०२४ला १६२, २०२५ला १४४. ज्या गाइडमध्ये रँक न देता नुसते गुण दिलेत, ते कालचं पंचांग आहे.

या काउन्सेलिंगवर सरकारी देखरेख किती? केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, रँकची हमी द्यायची नाही वगैरे. त्यात 'कोचिंग' म्हणजे काय हे सांगताना काउन्सेलिंग स्पष्टपणे वगळलंय, क्रीडा आणि नृत्याच्या पंक्तीला बसवून. आपण कुणालाही नामनिर्देशनाने, म्हणजे गुणवत्ता यादी सोडून थेट नाव सुचवून, जागा देत नाही आणि तशी पत्रं बनावट असतात, अशा सूचना एमसीसी काढत असते. त्या काढाव्या लागतात यावरून ती पत्रं अजून फिरतात एवढं कळतं.

वहिनींबरोबर मी दोन संध्याकाळी बसलो. सीईटी सेलच्या याद्या उघडल्या, मुलाचा राज्यातला क्रमांक धरून मागच्या दोन वर्षांत तिथपर्यंत कुठलं कॉलेज आलं होतं ते वहीच्या मागच्या पानावर उतरवलं. सव्वा पान झालं. ४१व्या पानाबद्दल त्यांनी गाइडवाल्याला मेसेजही केला. अर्ध्या तासात उत्तर आलं, 'अपडेटेड व्हर्जन उपलब्ध आहे, जुन्या ग्राहकांसाठी ९९९ रुपये.'