बर्फाआधीची इर्जिक: नॉर्वेतले स्की क्लब कोण चालवतं?

नॉर्वेतल्या गावोगावच्या स्की क्लबांचं बरंचसं काम बर्फ पडण्याआधीच उरकलेलं असतं. शरद ऋतूत जंगलवाटांवर आडवी पडलेली झाडं करवतीने कापायची, वाढलेली झुडपं छाटायची, दलदलीवर फळ्या टाकायच्या, झाडांच्या खोडांवरच्या लाल खुणा पुन्हा रंगवायच्या. लाल म्हणजे हिवाळ्यातली स्कीची वाट, निळी म्हणजे उन्हाळ्यातली पायवाट. ही कामं करायला येतात शेजारपाजारचे शिक्षक, सुतार, नर्स, निवृत्त कारकून. मजुरी कुणालाच नसते. शेवटी कॉफी आणि गरम वाफल मात्र असतो.

या प्रथेला तिकडे ‘डुगनाड’ म्हणतात. २००४ मध्ये तिथल्या सरकारी टीव्हीवर ‘देशाचा शब्द’ निवडायला सांगितलं, तेव्हा लोकांनी हाच शब्द निवडला. मूळ जुन्या नॉर्स भाषेतलं, अर्थ ‘मदत’. कोठाराचं छप्पर घालायचंय, गवत कापून आत आणायचंय आणि पाऊस तोंडावर आलाय, अशा वेळी आसपासचे शेतकरी जमत, दिवसभर राबत, आणि ज्याचं काम तो सगळ्यांना जेवू घाली. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे: इर्जिक. आपापले बैल-औत घेऊन शेजाऱ्याच्या रानात उतरायचं आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवायचं. आपल्याकडे ट्रॅक्टर आला आणि इर्जिक बरीचशी आठवणीत गेली. नॉर्वेत शेतीतली डुगनाड तशीच आटली, पण ती क्लबात जाऊन राहिली.

ती लगेच तिथे पोचली नाही. स्की हे मुळात थंड प्रदेशात हिवाळ्यात चालण्याचं साधन. त्यातली शर्यत आधी लष्करातून आली. सैनिकांच्या स्की-स्पर्धांसाठी १७६७ मध्येच बक्षिसं जाहीर झाली होती. नागरी क्लबची सुरुवात १८६१ ची मानतात. त्या वर्षी ट्रिसिल या डोंगराळ गावात नेमबाजी आणि स्कीची संघटना निघाली. नावातच बंदूक आहे; देशरक्षणाची तयारी हा त्यामागचा एक हेतू होता. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कियांड्राच्या सोन्याच्या खाणींवर आलेल्या नॉर्वेजियन मजुरांनीही तसाच क्लब काढल्याचं सांगतात, त्यामुळे ‘जगातला पहिला’ कोण यावर दोन्हीकडचे लोक अजून हटत नाहीत.

राजधानीत, म्हणजे आजच्या ओस्लोत, तेव्हाच्या ख्रिस्तियानियात, स्कीचं वेड लावलं ते दक्षिणेकडच्या तेलेमार्क प्रांतातल्या शेतकऱ्यांनी. मोर्गेदालचा सोंद्रे नोरहाइम हा गरीब कुळवाडी १८६८ मध्ये तिथल्या स्पर्धेला आला आणि शहरी बघ्यांनी आ वासला. पुढे शहरातल्या वकील-डॉक्टर-अधिकारी मंडळींनी १८८३ मध्ये स्कीच्या प्रसारासाठी संघटना काढली. आज तिला ‘शीफोरेनिंगेन’ म्हणतात. (नॉर्वेजियन लोक ‘स्की’चा उच्चार ‘शी’ असा करतात. मराठी कानाला तो पचायला जरा वेळ लागतो.) १८९२ पासून तिच्या स्पर्धा होल्मेनकोलेनच्या टेकडीवर होऊ लागल्या. मधल्या काळात, १८८८ मध्ये, फ्रिट्यॉफ नान्सेन या नॉर्वेजियन शोधप्रवाशाने स्कीवरून ग्रीनलँड पार केलं, आणि एका गरीब, अजून स्वीडनच्या राजाखाली असलेल्या देशाला अभिमानाने मिरवण्यासारखं काही मिळालं.

पण ही सगळी वरच्या थरातली मंडळी. ती जनतेला स्की ‘शिकवत’ होती. या कार्याला आणि इर्जिकेला एकच म्हणता येणार नाही. कामगारांनाही ते खटकत होतं. १९२४ मध्ये त्यांनी आपला वेगळा क्रीडा महासंघ उभा केला, आणि पुढची काही वर्षं एकाच खोऱ्यात दोन क्लब, दोन शर्यती असा प्रकार चालला.

ही फूट सांधली ती युद्धाने. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या, आणि त्यांच्या कलाने चालणाऱ्या राजवटीने सगळे खेळ सरकारी ताब्यात घ्यायचं ठरवलं. खेळाडूंनी आणि पदाधिकाऱ्यांनी सरळ संप केला. अधिकृत शर्यतींना ना स्पर्धक, ना प्रेक्षक. त्याच वेळी जंगलात गुपचूप, बेकायदा शर्यती होत राहिल्या. कचेरी नाही, पैसा नाही, शिक्का नाही. वाट तुडवणारे, वेळ मोजणारे आणि तोंड बंद ठेवणारे लोक तेवढे होते. माझ्या मते आजच्या स्वयंसेवी क्लबचा खरा साचा १८८३ च्या सभागृहातून आलेला नाही. तो या पाच हिवाळ्यांत घडला. १९४६ मध्ये दोन्ही महासंघ एक झाले.

त्यानंतरच्या दोन गोष्टींनी या साच्याला बळ दिलं. एक पैसा. १९४६ मध्येच सरकारी पैज-कंपनी स्थापन झाली. १९४८ पासून लोक फुटबॉल सामन्यांच्या निकालांवर कूपनं भरू लागले, आणि शिल्लक रक्कम खेळाकडे वळली. क्लबांची घरं, रात्री दिव्यांनी उजळणाऱ्या स्कीच्या वाटा यांना त्या पैशांचा मोठा हातभार लागला. २००९ पासून तर पैज लावणारा आपल्या रकमेतला ठरावीक हिस्सा थेट गावच्या क्लबच्या नावे करू शकतो. जुगाराच्या पैशावर पोरांचा खेळ पोसायचा, हे आपल्याला विचित्र वाटेल. तिथे फारसं कुणाला वाटत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५७ च्या कायद्याने रानात कुणीही फिरावं हा जुना रिवाज लिखित केला. जमीन खाजगी असली तरी बिनलागवडीच्या भागात कधीही, आणि लागवडीच्या शेतातूनही जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असताना जाता येतं. फक्त ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर शेतात पाय ठेवायचा नाही, आणि घराच्या अंगणात तर केव्हाच नाही. हा कायदा नसता तर छोट्या क्लबची लांबलचक वाट पहिल्याच कुंपणाशी थांबली असती.

मुलांच्या गटांचा भार आई-बापांवरच असतो. मूल क्लबात घातलं की पालकाच्याही गळ्यात काहीतरी पडतंच: प्रशिक्षण, शर्यतीत वेळ नोंदवणं, स्कीला मेण लावणं, नाहीतर वाफल भाजणं. लहान मुलांच्या खेळाचे देशव्यापी नियम १९८७ चे. आजच्या नियमांनुसार अकरा वर्षांखालच्या मुलांची क्रमवारी लावत नाहीत, आणि बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांना द्यावं लागतं. नवशिक्या पालकाला प्रशिक्षक होणं त्यामुळे सोपं जातं. पदकांचं दडपण नसतं, मुलं पडली तर उठवायची आणि पुढे न्यायची.

तक्रारी आहेतच. काही क्लबांत डुगनाडला न येणाऱ्याला पैसे भरावे लागतात. मग ती मदत उरली की वर्गणी, असा वाद दर हिवाळ्यात रंगतो. मार्च २०२० मध्ये पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी कोरोनाच्या निर्बंधांनाच ‘डुगनाड’ म्हटलं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाक मुरडलं. ज्याला नाही म्हणता येत नाही, ती डुगनाड नव्हेच, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक अडचण साधी आहे: मूल मोठं होऊन स्की सोडतं, की पालकही दिसेनासे होतात. म्हणून अनेक क्लबांत आठवड्यातला एखादा दिवस ठरवून निवृत्त लोकांची टोळी जंगलात जाते. त्यांच्या मुलांनी स्की केव्हाच खुंटीला टांगलेल्या असतात. करवत, रंगाचा डबा आणि थर्मासमधली कॉफी घेऊन हे लोक तरीही येतात, आणि लाल खुणा नव्याने ओढून दुपारपर्यंत घरी परततात.