पी५३ भरपूर, तरी पेशी मोकाट

बायोप्सीच्या रिपोर्टात 'पी५३ : स्ट्राँग, डिफ्यूज पॉझिटिव्ह' अशी ओळ असते. घरातलं कोणीतरी गूगल करतं, 'कॅन्सर रोखणारं प्रथिन' असं वाचतं आणि हुश्श करतं: चला, ते तरी भरपूर आहे! खरं तर ही ओळ बिघाडाची आहे.

निरोगी पेशीत पी५३ सतत बनतं आणि सतत मोडलं जातं. साधारण २० मिनिटांत निम्मं संपतं. मोडायची व्यवस्था एमडीएम२ हे दुसरं प्रथिन करतं. ते पी५३वर युबिक्विटिनची खूण चिकटवतं आणि मग प्रोटिओसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे पाडतो. गंमत म्हणजे एमडीएम२चं जनुक चालू करतं खुद्द पी५३च! डीएनएला इजा झाली की एमडीएम२ची पकड सुटते, पी५३ साठतं आणि पेशीचं विभाजन थांबवतं, नाहीतर पेशीलाच मारतं.

कॅन्सरमध्ये पी५३च्या जनुकात उत्परिवर्तन, म्हणजे बदल, होतो, तो बहुतेक वेळा प्रथिनाच्या डीएनए धरणाऱ्या भागातच. ३९३ अमिनो आम्लांपैकी एकच बदलतं, उदाहरणार्थ १७५व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येतं. आता डीएनए धरता येत नाही, म्हणून एमडीएम२ पुरेसं बनत नाही, म्हणून बिघडलेलं पी५३ मोडलंच जात नाही. (एचएसपी९० नावाचं प्रथिनही त्याला पाठीशी घालतं.) पी५३ रंगवून दाखवणाऱ्या चाचणीत पॅथॉलॉजिस्टला केंद्रकांत दिसणारा गडद तपकिरी रंग या साठ्याचा असतो. शिवाय पी५३चे रेणू चार-चारच्या चौकडीनं काम करतात, त्यामुळे बिघडलेले रेणू चांगल्यांनाही निकामी करतात.

रंग अजिबात न दिसणंही वाईटच: जनुकात मध्येच 'थांबा'चा संकेत आला, की प्रथिन पुरतं बनतच नाही. चांगल्या पी५३चं चित्र विस्कळीत असतं, कुठे फिकट, कुठे गडद. तेव्हा 'पी५३ वाढवणारे' काढे विकणाऱ्यांना विचारावं, नेमकं कुठलं वाढवणार?

बऱ्याच केमोथेरपीची मदार पी५३वर असते: औषध डीएनए मोडतं, पेशीला मारायचं काम पी५३ करतं. म्हणून सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपचाराआधी पी५३चं जनुक तपासतात. ते बिघडलेलं असेल तर नेहमीची केमो टाळून इब्रुटिनिबसारखी औषधं देतात. बिघडलेलं प्रथिन दुरुस्त करायचे प्रयत्नही चालू आहेत. २२०व्या जागी टायरोसिनऐवजी सिस्टीन आलं की प्रथिनावर एक खळगा पडतो. त्यात बसून प्रथिनाची घडी सावरणारं रेझाटापॉप्ट हे औषध रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. पण ते या एकाच बिघाडासाठी. १७५च्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही.